नळी मोडून भरायचं एअर पिस्तूल: नळी पूर्ण लॉक होत नाही, छर्रे वर-खाली पडतात

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे स्प्रिंग-पिस्टनवर चालणारं, नळी मोडून भरायचं ४.५ मिमीचं एअर पिस्तूल आहे. जर्मन बनावटीचं, सगळं पोलादी. काकांनी हौसेनं घेतलेलं. वापर भरपूर झालाय, पण जपलेलंही तितकंच आहे. घराच्या मागच्या पडवीत दहा मीटर अंतर मिळतं. लक्ष्यामागे जाड फळी आणि चिंध्या ठासलेला खोका ठेवून तिथेच सराव करतो.

त्रास असा आहे. पूर्वी नळी बंद केली की 'टक्' असा एकच स्वच्छ आवाज यायचा. आता कधी येतो, कधी येत नाही. आला तरी नळीचं तोंड बोटांनी वर-खाली दाबलं की किंचित हलतं. कधीकधी छर्रा सुटल्यावर नळी आणि सिलिंडर यांच्या सांध्यात वरच्या बाजूला केसाएवढी फट दिसते. कागदावर छर्रे आडवे फारसे पसरत नाहीत, पण उभी रांग लागते.

एका दुरुस्तीवाल्याला दाखवलं. त्याने लॉकची स्प्रिंग काढून जास्त कडक स्प्रिंग घातली आणि नळीच्या मागच्या तोंडाची रबरी रिंगही नवी बसवली. तेव्हापासून नळी बंद करायला तळहाताने फटका मारावा लागतो, आणि रांग कमी व्हायच्या ऐवजी लांबली. त्याच सुमारास मी सिलिंडरवर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारी नेमाची काच) बसवला, त्यामुळे नेमकं कशाने बिघडलं ते उमगत नाही.

दुसरं पिस्तूल घ्यायचं मनात नाही. हेच पुन्हा नीट करायचंय. सुरुवात कुठून करू?

जुना फिटर

साहेब, पहिलं म्हणजे फटका मारून बंद करणं आजपासून थांबवा. पिस्तुलाची नळी आखूड असली तरी फटक्याचा सगळा भार बिजागरीच्या बोल्टवर आणि लॉकच्या पिनवर येतो. दोन्ही जागा त्यानेच झिजतात.

आता जोडणी समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नळी ज्या चौकोनी ठोकळ्यात बसवलेली असते तो ब्लॉक. हा ब्लॉक सिलिंडरच्या दोन कानांमध्ये एका बोल्टवर फिरतो. बोल्ट नळीच्या रेषेच्या खाली आणि ब्लॉकच्या मागच्या तोंडाच्या थोडा पुढे असतो. ब्लॉकच्या मागच्या तोंडावर, खालच्या अंगाला, स्प्रिंग लावलेली पाचर असते. नळी बंद करताना ती पाचर कानांमधल्या आडव्या पिनला घासत खाली उतरते आणि पिनखाली सरकून बाहेर येते. तोच तुमचा 'टक्'. काही पिस्तुलांत पाचरीऐवजी पोलादी गोळी असते. आणि छर्रा जिथून भरतो त्या भोकाभोवती खाचेत सील बसलेलं असतं, म्हणजे तुमची रबरी रिंग.

म्हणजे नळीला जागेवर धरणाऱ्या गोष्टी तीन: बोल्ट, पाचर आणि सील. पहिल्या दोन धरून ठेवतात, तिसरी ढकलते. लोखंडी कपाटाच्या दाराला आतून जाड रबरी पट्टी लावली की कडी लागत नाही आणि आपण कडीला दोष देत बसतो, तसंच इथे होतं. 'नळी लॉक होत नाही' असं ऐकलं की सगळे आधी लॉकच्या स्प्रिंगकडे धावतात. माझा अनुभव असा की स्प्रिंग सर्वांत शेवटी बघावी. जुन्या पिस्तुलात ती मोडलेली किंवा वाळलेल्या ग्रीसमध्ये अडकलेली सापडते, नाही असं नाही. पण तुमच्याकडे नवी रिंग बसल्यावर फटका मारायची वेळ आली, त्यामुळे माझा पहिला संशय रिंगवर आहे.

एक सोपी तपासणी करा. पिस्तूल कॉक न करता, म्हणजे आतली स्प्रिंग न ताणता, रिकाम्या नळीने, रिंग खाचेतून काढा. लाकडी टूथपिक वापरा, सुई वापरून खाचेला ओरखडा पाडू नका. मग रिंगशिवाय नळी हलक्या हाताने बंद करून पाहा. 'टक्' येतो का? तोंड वर-खाली हलतं का? डावी-उजवीकडे हलतं का? या स्थितीत पिस्तूल उडवायचं मात्र अजिबात नाही. हवा बाहेर निसटते, पिस्टनला पुढे हवेची गादी मिळत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर जोरात आदळतो.

दहा मीटर

फिटरकाकांच्या तपासणीआधी किंवा नंतर, एक कागदावरची चाचणीही करा. सध्याच्या स्थितीत, पण फटका न मारता. काही छर्रे नळी अगदी हळू बंद करून मारा, नंतर तेवढेच छर्रे नळी थोडी जोरात बंद करून मारा. वेगवेगळ्या कागदांवर. दोन्ही कागदांवरचे गट वेगवेगळ्या उंचीवर पडले तर दोष लॉकमध्ये आहे, तुमच्या पकडीत नाही. गट एकाच जागी पडले तर मनगट, चाप आणि श्वास याकडे बघायला हवं. स्प्रिंगवाल्या पिस्तुलाला पकडीतला फरक फार लागतो आणि त्यानेही उभी रांग लागते. हे आधी वेगळं काढलं नाही तर चांगली जोडणी उगाच खोलली जाते.

छर्रा पूर्ण आत बसतोय ना, तेही बघा. त्याचा घेर जराही बाहेर राहिला तर नळी बंद करताना तो समोर टेकतो आणि 'टक्' येत नाही. अंगठ्याने शेवटपर्यंत दाबून बसवा.

माळरान

माझ्याकडे असंच एक होतं. मी लॉकवर आणि सांध्यात भरपूर स्प्रे तेल मारायचो, त्याने बंद व्हायला सोपं जातं. आवाजही कडक यायला लागतो.

जुना फिटर

माळरान भाऊ, तो कडक आवाज तेल पेटल्याचा असतो. सांध्यात मारलेलं तेल सीलजवळच्या भोकातून सिलिंडरमध्ये उतरतं. पिस्टन पुढे येताना हवा इतकी तापते की तेलाची वाफ डिझेल इंजिनासारखी पेट घेते. दाब एकदम वाढतो, आणि तो दाब नळी उघडायच्याच दिशेने काम करतो. लॉक आधीच ढिला असेल तर नळी चक्क उघडेल. शिवाय सील जळतं आणि मेनस्प्रिंगला, म्हणजे पिस्टन ढकलणाऱ्या स्प्रिंगला, मार बसतो तो वेगळाच.

पाचरीला, पिनला आणि बोल्टला मॉलिब्डेनम ग्रीस लावायचं, तेही काडीच्या टोकावर मावेल एवढंच. सिलिंडरच्या तोंडाजवळ काहीही नको.

ओळंबा

दाबाचा विषय निघालाच आहे तर आकडे मांडतो, त्यावरून ही जागा किती नाजूक आहे ते कळेल.

समजा छर्रा सुटताना सांध्यात ५० बार दाब आला. सीलचा व्यास ८ मिमी धरला तर आतलं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिमी. ५० बार म्हणजे दर चौरस मिमीला ५ न्यूटन, म्हणून बल २५० न्यूटन, म्हणजे साधारण २५ किलो. हे बल ब्लॉकला पुढे ढकलतं. बोल्ट नळीच्या रेषेच्या खाली असल्यामुळे हे ढकलणं सरळ राहत नाही. ते नळीला बोल्टभोवती फिरवतं, तोंड खाली आणि ब्लॉकची मागची बाजू वर. बोल्ट नळीच्या मध्यरेषेच्या १२ मिमी खाली आणि पाचर बोल्टच्या २५ मिमी मागे असेल, तर पाचरीवर वर उचलणारा जोर साधारण १२ किलोचा येतो. तो क्षणभरच टिकतो, पण छर्रा नळीत असतो तो क्षणही तोच.

आता दुसरा हिशेब. पाचर आणि पिन यांत ०.१ मिमी ढिलाई आहे असं धरा. पाचर बोल्टपासून २५ मिमीवर, म्हणजे नळीचा कोन ०.००४ रेडियनने बदलू शकतो. दहा मीटरवर हा फरक ४० मिमी होतो. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या आंतरराष्ट्रीय लक्ष्यात दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिमी आणि नऊच्या वर्तुळाचा २७.५ मिमी, म्हणजे एका गुणाची पट्टी ८ मिमी रुंद. ४० मिमी म्हणजे पाच गुण. कागदाच्या जाडीएवढी ढिलाई आणि दहाचा पाच.

पंचगंगाकाठ, तुमच्या रेड डॉटचाही संबंध इथेच आहे. तुमच्या पिस्तुलाची नेम धरायची पुढची माशी नळीवर आणि मागची खाच सिलिंडरवर आहे का? असेल तर नळी खाली झुकली की माशीही खाली जाते. तुम्ही डोळ्याने माशी पुन्हा खाचेत जुळवता, म्हणजे नकळत अख्खं पिस्तूल थोडं वर उचलता. बोल्टपासून माशी १५ सेंमी आणि माशीपासून खाच ३० सेंमी असेल, तर ढिलाईने पडलेला निम्मा फरक आपोआप भरून निघतो, ४० मिमीचे २० होतात. रेड डॉट पूर्ण सिलिंडरवर असतो, त्याला नळी कुठे गेली याचा पत्ताच नसतो. म्हणून त्याच ढिलाईची रांग डॉट लावल्यावर दुप्पट लांब दिसेल. डॉटने काही बिघडवलेलं नाही, आधी निम्मं झाकलेलं होतं ते त्याने पूर्ण दाखवलं.

दहा मीटर

ओळंबा, हे फार नेमकं मांडलंत. नळी मोडायच्या रायफलींवर दुर्बीण लावली की 'दुर्बीण खराब निघाली' अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. दुर्बीण काढून माशीने मारलं की गट लगेच बरा येतो आणि मग दुर्बिणीलाच दोष दिला जातो. अशा वेळी नळीचा लॉक तपासून घ्यायला हवा.

इझारकाठची

मी म्युनिकमध्ये असते, इथल्या एका नेमबाजी क्लबची सभासद आहे. क्लबमध्ये जुनी स्प्रिंगवाली पिस्तुलं आणि रायफली अजून जपून वापरतात, म्हणून दोन गोष्टी सांगते.

पाचर आणि पिन ही रचना मुद्दाम अशी केलेली असते की झीज झाली तरी पाचर थोडी अधिक बाहेर येऊन ती भरून काढते. पाचरीचा उतार पिनला जितका खोल भिडेल तितका ब्लॉक खाली आणि मागे ओढला जातो. म्हणून पाचरीला नेहमी थोडी शिल्लक चाल हवी. ती तिच्या अडणीपर्यंत पूर्ण बाहेर आलेली असेल आणि तरीही नळी हलत असेल, तर पाचर किंवा पिन झिजली असं समजायचं. काही बंदुकांत हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला आहे. वायराउख या जर्मन कंपनीच्या एचडब्ल्यू ३५ या रायफलीला, जी १९५० च्या दशकात आली, हाताने दाबून सोडायचा वेगळा खटका आहे. त्याच कंपनीचं एचडब्ल्यू ४५ हे पिस्तूल नळी मोडून नाही, वरचा सगळा भाग उचलून कॉक होतं. त्याचा लॉक निराळा, तिथले उपाय इथे लागू करू नका.

दुसरं म्हणजे, दुरुस्ती करताना मेनस्प्रिंग बदलून ताकद वाढवायचा मोह टाळा. इथे ७.५ ज्यूलच्या आतल्या एअरगनवर पंचकोनात 'एफ' असा शिक्का असतो आणि त्या मर्यादेवर कायदा अवलंबून आहे. तुमच्या पिस्तुलावर तो शिक्का असेल तर त्याचा लॉक तेवढ्याच दाबासाठी बनवलेला आहे, हे धरून चला.

पंचगंगाकाठ

सगळ्यांचे आभार, खूप काही कळलं. करून पाहिलं ते सांगतो.

हळू आणि जोरात अशी चाचणी केली. हळू बंद केलेला गट स्पष्ट खाली पडला, जोरात बंद केलेला वर. दोन गट एकमेकांत मिसळतही नाहीत. होय, माशी नळीवर आणि खाच सिलिंडरवर आहे. डॉट काढून मारलं तर रांग आखूड झाली, ओळंबा यांनी सांगितलं अगदी तसंच.

रिंग काढली आणि नळी बंद केली. काका, जुना 'टक्' परत आला! हलक्या हाताने, फटक्याशिवाय. वर-खाली हलणं जवळपास बंद. डावी-उजवीकडे मात्र थोडं हलतं, ते आधी माझ्या लक्षात आलं नव्हतं.

व्हर्नियरने मोजलं. नवीन रिंगची जाडी २.६ मिमी, खाचेची खोली २.२ मिमी. जुनी रिंग चपटी होऊन २ मिमीच्या आसपास राहिली आहे.

जुना फिटर

झालं, रिंग पकडली. ०.४ मिमी बाहेर आहे ती. तुमच्या दुरुस्तीवाल्याने इंची मापाची २.६२ ची रिंग घातली असणार. ओ-रिंगच्या दुकानात दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. इंची मापात जाडी १.७८, २.६२ अशी येते आणि मेट्रिकमध्ये २, २.४, २.५ अशी. डोळ्याला फरक कळत नाही आणि जुनी चपटी रिंग नमुना म्हणून नेली तर दुकानदारालाही कळत नाही. म्हणून नमुना रिंगचा न्यायचा नाही, खाचेची खोली, आतला व्यास आणि बाहेरचा व्यास कागदावर लिहून न्यायचा.

तुम्हाला २.४ मिमी जाडीची रिंग लागेल, म्हणजे ती पातळीच्या ०.२ मिमी वर राहील. माझा अंदाज ०.१ ते ०.३ मिमीच्या मध्ये ठेवण्याचा असतो. साधी काळी नायट्राइल रिंग ७० शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मिळते, ती मऊ असते आणि थोडी जास्त उंची खपवून घेते. ९० शोअरची पॉलियुरेथेनची मिळाली तर ती जास्त टिकते, पण दबत कमी, म्हणून तिला ०.१ च्या जवळ ठेवा. उंची कमी पडली तर रिंगखाली पातळ प्लास्टिकची चकती कापून घालता येते. जास्त झाली तर मात्र रिंग घासून कमी करू नका, ती एकसारखी घासली जात नाही.

रिंग बसवताना जुनी रिंग कुठे झिजली आहे ते निरखून बघा. ब्लॉक बंद होताना वरचा भाग सरळ दाबला जातो, पण खालचा भाग बोल्टच्या जवळ असल्यामुळे वरून खाली घासत येतो. त्यामुळे खालची बाजू कापल्यासारखी दिसली तर ती नेहमीची झीज आहे. बाजूला कापलेली दिसली तर नळी तिरकी बसतेय, आणि तुमचं डावी-उजवीकडे हलणं बघता मला तेच अपेक्षित आहे.

आता बोल्ट. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, कान आणि ब्लॉक यांच्या मध्ये, पातळ वॉशर असतात. बोल्टच्या डोक्याभोवती बारीक खाचा दिसतील आणि त्यांतल्या एकीत छोटा कुलूप-स्क्रू बसलेला असेल. आधी तो छोटा स्क्रू काढायचा, मग बोल्ट हाताळायचा. खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर वापरा, घरातल्या निमुळत्या पात्याने डोकं खराब होतं. बोल्ट थोडा थोडा आवळत जा. मोजमाप असं की नळी अर्धी उघडून सोडली तर ती स्वतःच्या वजनाने खाली पडायला नको, पण बोटाने ढकलली की सहज फिरली पाहिजे. कॉकिंगच्या दांड्याचा भार आडवा येऊ नये म्हणून ही तपासणी कॉक केलेल्या पिस्तुलावरच नीट होते. त्यामुळे छर्रा भरूनच करा, तोंड लक्ष्याकडे, सेफ्टी असेल तर लावलेली, बोट चापापासून दूर आणि दुसरा हात नळीवर पक्का. झाल्यावर नळी बंद करून लक्ष्यावर मारून मोकळे व्हा. नळी उघडी आणि पिस्तूल कॉक असताना चाप ओढला गेला तर नळी झटक्यात वर येते. बोट तुटतं, नळी वाकते. भोकाजवळ बोट असताना तर अजिबात गाफील राहायचं नाही.

आवळूनही बाजूचं हलणं राहिलं तर वॉशर झिजलेत. पोलादी शिमचा पत्रा ०.०५ आणि ०.१ मिमीचा मिळतो, त्यातून कापून दोन्ही बाजूंना सारखे घाला. एकाच बाजूला घातले तर नळी मध्यरेषेपासून सरकेल आणि सील तिरकं दबेल.

आणि ती कडक स्प्रिंग काढून जुनी परत घाला, जुनी मोडलेली नसेल तर. पाचरीचा उतार योग्य असेल तर नळी धरून ठेवण्याचं मुख्य काम उतार आणि घर्षण करतात. स्प्रिंगने पाचर पिनखाली ढकलायची, एवढंच. कडक स्प्रिंगने पिनवर सपाट चट्टा पडतो.

ओळंबा

जुनी स्प्रिंग घातल्यावर पाचर पिनला कुठे टेकते ते मार्करने बघता येईल का?

जुना फिटर

बघायलाच हवं, बरं झालं विचारलंत. पाचरीच्या उतारावर काळ्या पर्मनंट मार्करची रेघ ओढून सुकू द्या. नळी हळू बंद करा, उघडा. मार्कर जिथे पुसला गेला तिथे पिन टेकली. पट्टा उताराच्या मध्यावर, पूर्ण रुंदीभर हवा. फक्त टोकावर पुसला असेल तर पाचर पिनखाली पुरती जात नाही, म्हणजे काहीतरी ढकलतंय किंवा पाचरीच्या घरात कचरा आहे. एकाच बाजूला पुसला असेल तर ब्लॉक तिरका आहे, बोल्टकडे परत जा. पट्टा पार मुळाशी असेल तर झीज झाली.

पाचर कानसीने घासून 'बसवायची' नाही. तिचा कोन बदलला की धरून ठेवणं गेलं. खरखरीत वाटली तर काचेवर १००० नंबरचा पॉलिश पेपर तेलात भिजवून ठेवा आणि पाचर सपाट धरून नुसती चमक आणा. पिनवर सपाट चट्टा पडला असेल तर ती थोडी फिरवून ताजी बाजू पाचरीकडे आणता येते. अगदीच खाचली असेल तर लेथवाल्याकडून त्याच मापाची सिल्व्हर स्टीलची पिन करून घ्या. माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नेमकं हवं, ढिली पिन चालणार नाही.

पंचगंगाकाठ

काम झालं, सविस्तर लिहितो. पुढे कुणाला उपयोग होईल.

२.४ मिमीची ९० शोअरची रिंग मिळाली. ती बसवल्यावर व्हर्नियरच्या मागच्या काडीने चार ठिकाणी उंची मोजली, सगळीकडे ०.२ च्या आत. काकांनी ०.१ सांगितलं होतं, त्यापेक्षा थोडी जास्तच, पण नळी हलक्या हाताने बंद होते म्हणून तशीच ठेवली आहे.

पाचर बाहेर काढली तर तिच्या घरात जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं होतं. त्यात शिशाचा चुरा अडकून करडा लगदा झाला होता. छर्रे बसवताना कडेने सुटणारा शिशाचा कीस तिथे साठत गेला असावा. रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, काडीभर मॉलिब्डेनम ग्रीस लावून जुनी स्प्रिंग परत घातली. ती शाबूत होती. आता पाचर नखाने दाबली तर पूर्ण आत जाते आणि सोडली की झटकन बाहेर येते, आधी निम्म्यात रेंगाळायची.

मार्करचा पट्टा पहिल्यांदा डाव्या निम्म्यावरच पुसला गेला. बोल्ट आवळल्यावर थोडा सरकला, पण पूर्ण रुंदीभर येईना. उजवीकडचा वॉशर डावीकडच्यापेक्षा पातळ झाला होता. दोन्ही काढून सारख्या जाडीचे नवे कापले. आता पट्टा पूर्ण रुंदीभर, मध्यावर. बाजूचं हलणं गेलं.

गळती बघायला सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी टाकून मारलं, पट्टी हलत नाही. हळू आणि जोरात बंद केलेले गट आता एकमेकांवर पडतात. डॉट परत लावलाय. रांग पूर्ण गेली असं म्हणत नाही, पण उरलेली माझ्या मनगटाची दिसते, कारण आता ती आडवीही तेवढीच आहे.

दहा मीटर

अभिनंदन! गोल गट म्हणजे पिस्तुलाने आपलं काम केलं. डॉट नव्याने शून्य करून घ्या, लॉक बसल्यावर नळीची जागा बदललेली असणार.

नवखा नेमबाज

काका, याच धाग्यात विचारतो. माझं स्वस्तातलं देशी पिस्तूल आहे, तेही नळी मोडून भरायचं. ब्लॉक पोलादी नाही, ओतीव मिश्रधातूचा दिसतो. लॉक गोळीचा आहे. नळी वर-खाली हलते. रिंग काढून पाहिली, तरीही हलते. आता काय?

जुना फिटर

रिंग काढूनही हलतंय म्हणजे तुमचं दुखणं लॉकमध्येच आहे. गोळीच्या लॉकमध्ये गोळी समोरच्या खाचेत बसते. खाच पोलादात असेल तर वर्षानुवर्षं टिकते. ती ओतीव धातूत असेल तर पोलादी गोळी रोज थोडी थोडी तिला चेपते, खाच पसरट आणि खोल होते आणि गोळी आत जाऊनही ब्लॉकला खाली ओढत नाही. मोठी गोळी घालून हे सुटत नाही. गोळी तिच्या भोकात मोकळी सरकली पाहिजे, मोठी गोळी अडकून बसते.

चांगल्या टर्नरकडे जाऊन खाचेच्या जागी छोटं पोलादी बूच बसवून घेता येतं. त्यावर नवी खाच पाडताना ती मूळ जागेपेक्षा किंचित खाली घ्यायची, म्हणजे गोळी खाचेच्या वरच्या उतारावर टेकून ब्लॉकला खाली ओढेल. पण खाचेच्या मागे बूच बसवायला पुरेशी जाडी आहे का हे बघितल्याशिवाय भोक पाडू देऊ नका. मागे लगेच सिलिंडरची हवा असेल तर हा उपाय तुमच्या पिस्तुलाला चालणार नाही, आणि मग ते उडवणं थांबवावं हेच बरं.

खाचेचा जवळून फोटो टाका, एक समोरून आणि एक बाजूने उजेड पाडून. आणि गोळी काढून तिचं माप व्हर्नियरने घेऊन लिहा.